हयातीच्या यादीतलं दुसरं नाव

काकाजी, कचेरीतून यादीचा कागद आला आहे. दर वर्षी येतो तोच. वर विषय लिहिलाय, ‘स्वातंत्र्यदिनी सत्कारासाठी बासष्टच्या लढाईतील गावच्या हयात सैनिकांची यादी.’ खाली रकाने. अनुक्रमांक, नाव, पत्ता, शेरा. मुख्याध्यापकांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “बाई, यंदा तुमचं काम हलकं झालं. निरंक लिहा, सही करा, पाठवून द्या.”

निरंक म्हणजे कोणीच नाही. तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले, म्हणजे त्यांचं काही चुकलेलं नाही. तरी मी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि शेवटी कागद पर्समध्ये घालून घरी आणला. आता तो माझ्यासमोर आहे आणि मला तुमचा भयंकर राग येतो आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना तुमच्यासारखा शेजारी मिळाला नसावा.

सव्वीस वर्षं आपल्या दोघांच्या घरांमध्ये एक भिंत होती, तीही कमरेएवढी. मी अकोल्याची, नोकरीसाठी मोर्शीकडच्या या गावात आलेली. सगळं गाव मला ‘बाई, तुमी’ म्हणायचं. तुम्ही पहिल्याच दिवशी भिंतीवरून म्हणालात, “बाई, तू अकोल्याची का? मंग चांगलं झालं.” काय चांगलं झालं ते मला कळायला पुढे बरीच वर्षं गेली. कळलं तेव्हा वाटलं, त्या दिवशी आपण दुसऱ्या गल्लीत खोली बघितली असती तर बरं झालं असतं.

झेंडावंदनाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं तेव्हा व्यासपीठावर सैनिकांच्या सात खुर्च्या लागत. मग सहा झाल्या, मग चार. खुर्च्या कमी होत गेल्या तशी लोकांना तुमची किंमत वाढल्यासारखी वाटू लागली. सात होतात तेव्हा एका हारात दोघांना भागवलेलं मी पाहिलंय. तुम्ही एकटे उरलात आणि सत्कार समितीने तुमच्या फोटोचा फलक लावला, ‘शेवटचे हयात सैनिक’. फलकाखाली उभे राहून तुम्ही समितीच्या अध्यक्षांना विचारलंत, “शेवटचा काहून लिवलं? मी काय शेवटची यष्टी हाय का, सुटली का गाव बसून राहते?” अध्यक्ष हसले. तुम्ही हसला नव्हतात. मी तुम्हाला बाजूला घेऊन म्हटलं, काकाजी, कौतुक करताहेत, करू द्या. तुम्ही म्हणालात, “कौतुक करा न. पण मोजून काहून करता?”

आणि त्या शाली! शाल-श्रीफळ हा आपल्याकडचा सत्काराचा रिवाज, तो काही मी काढलेला नाही. ऑगस्टचा उकाडा, मांडवात पंखा नाही, आणि तुमच्या खांद्यांवर जाड लोकरी शाल. तुम्ही घामाने निथळत बसायचात. घरी आलात की ती शाल घडीसकट पेटीत जायची आणि थंडी पडली की बाहेर निघायची. तुमच्या अंगावर नाही, पन्हेरीवर. संत्र्याच्या कोवळ्या रोपांच्या वाफ्यांवर तुम्ही त्या शाली काठ्यांवर ताणून पांघरायचात. एका जानेवारीत अध्यक्ष स्वतः रोपं न्यायला आले आणि त्यांना स्वतःच्या हातांनी दिलेली शाल, जरीकाठासकट, चिखलात लोळताना दिसली. ते माझ्याकडे तणतणत आले. मी तुमच्याकडे तणतणत आले. तुम्ही कलमाला पट्टी बांधत होतात, मानसुद्धा वर केली नाहीत. “थंडी ज्याले वाजते त्याले शाल. मले आता वाजत नाही, बाई.”

त्या ‘आता’कडे मी लक्ष दिलं नाही. मला अध्यक्षांना काय सांगायचं याची चिंता होती.

तुमचा परिचय लिहिणं हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात तापदायक लेखनाचा प्रकार. मुलांपुढे वाचायचा म्हणजे त्यात काहीतरी हवं ना? तुम्ही काहीच द्यायला तयार नसायचात. काय केलंत लढाईत? “खच्चर हाकलले.” अजून? “कांदे वाहिले. आटा वाहिला. एकदा साहेबाची खुर्ची वाहिली.” तुम्हा वऱ्हाडातल्या पोरांना विचारलं होतं म्हणे, बैल हाकलता येतात का? मग घ्या खच्चरं. यातून मी काय परिचय लिहिणार? शेवटी मी माझ्या मनाने लिहिलं, ‘शत्रूच्या तुफान गोळीबारात जिवाची पर्वा न करता त्यांनी आघाडीवर रसद पोहोचवली.’ वाक्य चांगलं जमलं होतं. मी ते आवाज चढवून वाचलं आणि मागून, खुर्चीतून, भरल्या सभेत तुमचा आवाज आला, “बाई, गोळीबार नोता तिथं. थंडी होती.”

तीनशे मुलं खिदळली. मी पुढची तीन वाक्यं गाळली. संध्याकाळी तुमच्याकडे भांडायलाच आले. चारचौघांत माझी फजिती का केलीत, हे विचारायला. तुम्ही मला उलट्या टोपल्यावर बसवलंत, ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात ते जंभेरीचं रोप पुढ्यात घेतलंत, आणि त्याच्या सालीला चाकूने चीर देत देत ती गोष्ट सांगितलीत. एकदाच. पुन्हा कधी सांगितली नाहीत, म्हणून मी ती इथे तुमच्याच शब्दांत ठेवते.

“नारायण अन् मी एकाच दिवशी भरती झालो. थो तुह्या अकोल्याकडचा, पूर्णेकाठचा. वरतं बर्फ होता अन् आमच्या अंगात सुती कपडे. दोघांत मिळून एक कांबळं. घंट्याघंट्याची पाळी लावली होती. घंटाभर त्यानं घ्याचं, घंटाभर मी. दुपारी हुकूम आला का सामान टाका अन् खाली उतरा. उतरलो. अर्ध्या रस्त्यात नारायण थांबला. म्हणे, खच्चराईचे दावे सोडले का तू? मी म्हणलं, नाही. तू? थो म्हणे, मीबी नाही. मंग बांधल्या जागी मरतीन ना थे. आलोच, म्हणे.”

तुम्ही संत्र्याच्या फांदीचा डोळा त्या चिरेत बसवलात. अंगठ्याने दाबलात.

“बाई, त्या टायमाले माही पाळी सरली होती. कांबळं त्याले द्याचं होतं. माह्या अंगावर होतं थे. मी म्हणलं, आता वर चढून राहिला, येऊन जाईन तवा देतो. थो आलाच नाही.”

मग पट्टी गुंडाळलीत आणि म्हणालात, “धर, हे रोप तिकडं सावलीत ठेव.”

मी रोप सावलीत ठेवलं. खरं सांगते, त्या रात्री माझ्या ताटातली भाजी मी वाटीत काढून तुमच्या भिंतीवर ठेवली. पण आठवड्याने तुम्ही माझ्या त्या सगळ्या कळवळ्याची माती केलीत. कारण तुम्ही मागणी घेऊन आलात. पुढच्या सत्काराला दोन खुर्च्या लावायच्या, दोन शाली आणायच्या, आणि दुसरं नाव पुकारायचं, नारायण सखाराम.

तुम्हाला आठवतं, मी किती शांतपणे समजावलं होतं? काकाजी, दोन याद्या असतात. एक हयात सैनिकांची, त्यांचा सत्कार होतो. एक हुतात्म्यांची, त्यांना श्रद्धांजली. नारायणचं नाव आपण श्रद्धांजलीच्या यादीत घालू या. मी अर्जही लिहिला तुमच्यासाठी, सुवाच्य अक्षरात. उत्तर आलं की मृत्यूचा दाखला जोडावा. दाखला नव्हता. कागदोपत्री नारायण ‘बेपत्ता’ होता. ना इकडचा, ना तिकडचा. मी ते उत्तर तुम्हाला वाचून दाखवलं आणि म्हटलं, आता माझा नाइलाज आहे.

तुम्ही उलट खूष झालात. “म्हणजे कचेरीच म्हणते का थो मेला नाही?” तसं नाही, काकाजी. “मंग कसं? मेला असं लिवलं का कुठं?” नाही लिहिलं. “मंग हयातच्या यादीत घाल.”  ज्याला उत्तर नाही असा प्रश्न कोणी दर वर्षी दोनदा, भिंतीवर कोपर टेकून, मी भांडी घासत असताना विचारायला लागलं की माणसाचा संयम सुटतो. तो अकोल्याकडचा, आपल्या गावच्या यादीत कसा बसेल, असंही मी म्हणून पाहिलं. तुम्ही म्हणालात, “माह्या घरचा पत्ता लाव. माह्याजवळूनच हरवला ना थो?”

आता ती गोष्ट, जी मी तुम्हाला कधीच सांगितली नाही.

मी दिवाळीला माहेरी निघाले की तुमची चिठ्ठी तयार असायची. त्यावर नारायणच्या गावाचं नाव. “अकोल्याहून यष्टी जाते. तासभराचं काम. त्याच्या घरी कोण हाय ते पाहून ये.” तुम्ही स्वतः का जात नाही, असं मी विचारलं तर म्हणायचात, “कोणत्या तोंडानं जाऊ? कांबळं माह्या अंगावर होतं.” मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवायचे आणि माहेरी गेले की फराळ, भाचरं, बाजार. तो एक तास मला कधी मिळाला नाही. म्हणजे मी काढला नाही. आल्यावर सांगायचे, यंदा नाही जमलं. तुम्ही म्हणायचात, “बरं.” तुमचं ते ‘बरं’ फार जड असायचं, काकाजी. शेवटी एका दिवाळीला तुम्ही चिठ्ठीसोबत एक संत्र्याचं कलमही दिलंत, ओल्या पोत्यात मुळं बांधून. आणखीही काहीतरी सांगत होतात, पण माझी गाडी चुकत होती, मी हो हो म्हणत निघाले.

ते कलम मी भावाच्या अंगणात लावलं, अकोल्यात. आणि परत येऊन तुम्हाला म्हटलं, “जाऊन आले. घराला कुलूप होतं, गावाला गेलेत. शेजाऱ्यांनी कलम लावून घेतो म्हणून सांगितलं.”

कसं सरळ खोटं बोलले मी! शाळेत पोरं गृहपाठाबद्दल इतकं सफाईदार बोलत नाहीत. तुमचा चेहरा उजळला, आणि मला वाटलं, झालं, सुटले. सुटले कसली? दर दिवाळीनंतर तुम्ही विचारणार, “झाड लागलं का?” मी म्हणणार, लागलं. “केवढं झालं?” मी भावाच्या अंगणातलं झाड आठवून हात वर करून दाखवणार. चार-पाच वर्षांनी त्याला फळं आली. वहिनीने पिशवीभर बांधून दिली आणि मला दुर्बुद्धी सुचली. मी त्यातली सहा संत्री तुमच्या भिंतीवर ठेवली. म्हटलं, “नारायणच्या घरची. तुमच्या कलमाची.”

संत्र्यांच्याच मुलखातल्या, मोर्शीकडच्या माणसाला अकोल्याहून संत्री आणून देणारी मी एकटीच असेन. तुम्ही एक सोललंत. फोड तोंडात ठेवलीत. बराच वेळ चघळलीत. मग म्हणालात, “गोड हाय.” बाकीची पाच घेऊन आत गेलात. त्यानंतर तुम्ही झाडाबद्दल कधी विचारलं नाहीत आणि चिठ्ठीही कधी दिली नाहीत. मला वाटलं, तुमचं समाधान झालं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

यंदाच्या प्रजासत्ताकदिनी मात्र तुम्ही हद्द केलीत. पाहुण्यांनी आग्रह केला, दोन शब्द बोला. तुम्ही कधी माईक घ्यायचा नाहीत, त्या दिवशी घेतलात. मैदान शांत झालं. तुम्ही म्हणालात, “नारायण सखाराम.” आणि थांबलात. मान जराशी वळवून, ऐकत असल्यासारखे. मुलांना कळेना. पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही पुन्हा म्हणालात, “नारायण सखाराम.” मागच्या ओळीतून हसण्याचा आवाज आला आणि माझं डोकं फिरलं. मी पुढे झाले आणि तुमच्या हातातून माईक ओढून घेतला. ‘काकाजी भावनावश झाले आहेत’ म्हणाले. तुम्ही भावनावश वगैरे काही झाला नव्हतात. तुम्ही रिकाम्या हाताकडे बघत खुर्चीत बसलात, आणि शाल घेताना उठलाही नाहीत.

संध्याकाळी भिंतीशी आलात. मी आधीच सुरुवात केली. म्हटलं, किती वर्षं मी तुमचं सांभाळून घेते आहे, तुम्हाला माझ्या नोकरीची, माझ्या मानाची काही पर्वा? हयात नसलेल्या माणसाचं नाव व्यासपीठावरून कसं पुकारायचं? तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

“बाई, तू रोज सकाळी हजेरी घेते.”

“घेते. मग?”

“एखादं पोरगं नाही आलं तं त्याचं नाव खोडते का?”

“नाही खोडत. गैरहजेरी मांडते.”

“दुसऱ्या दिवशी पुकारते का पुन्हा?”

“पुकारते. काकाजी, त्याचा याच्याशी काय संबंध? शाळा सोडल्याचा दाखला नेला की खोडतेच नाव.”

“मंग नारायणचा दाखला कोणी नेला?”

मी दार आपटून आत गेले. ते आपलं शेवटचं बोलणं. म्हणजे त्यानंतरही तुम्ही भिंतीवर कढीपत्ता ठेवत होतात, मी वाटीभर भाजी ठेवत होते, ‘वाटी घेऊन जा’, ‘नळ आला’ इतपत चालू होतं. त्याला काही बोलणं म्हणत नाहीत. मी ठरवलं होतं की पहिल्यांदा तुम्ही माफी मागाल. पाच महिने वाट पाहिली. तुम्ही काय माफी मागणार? माफी माझ्याकडून यायची होती, आणि मी ती ऑगस्टपर्यंत लांबवली. मनात होतं की यादी भरायच्या वेळी तुम्ही नेहमीसारखे याल, भांडाल, मी जरा नमतं घेईन, चहा करीन. तुम्ही त्याच्या आधीच पन्हेरीच्या कडेला, अर्धा कप चहा टाकून, निघून गेलात. इतका आडमुठेपणा जन्मात पाहिला नव्हता.

तुमच्या तेरवीला अध्यक्षांनी भाषण केलं. ‘तुफान गोळीबारात’ हे माझंच वाक्य त्यांनी म्हटलं. मी आपोआप मागे वळून पाहिलं. कोणीच काही बोललं नाही. तेव्हा मला रडू आलं, त्याआधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेले आणि तिथून पुढे त्या गावाला. खरोखर तासाभराचं काम होतं, काकाजी. नुसता एक तास. यष्टीतून उतरल्यावर विचारलं तर पहिल्याच माणसाने घर दाखवलं. कुलूप नव्हतं. ओट्यावर एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. कौसल्याबाई, नारायणची धाकटी बहीण. नवऱ्यामागे माहेरीच येऊन राहिलेली. मी तुमचं नाव सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. नारायणच्या पत्रात यायचं म्हणे, ‘मोर्शीकडचा एक आहे, त्याच्यासंगं कांबळं आहे.’

त्यांनी पाणी दिलं. मी घोट घेतला आणि तसाच तोंडात धरून बसले. त्या हसल्या. “खारं हाय ना? आमच्या इकडं असंच पाणी, बाई. खारपाण पट्टा. प्याचं टँकरनं येते, आज आलं नाही.”

मी अंगणभर नजर फिरवली. कडुलिंब होता, बाभळी होत्या. मी विचारलं, इथे संत्र्याचं झाड लागतं का हो? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी समुद्र कुठाय असं विचारलंय. “संत्रं? अन् इथं? वर्षभर जगन नाही.”

तेव्हा मला आठवलं, कलम देताना तुम्ही काय सांगत होतात ते. ‘तिकडचं पाणी खारं हाय, बाई. नारायण सांगे. बहुतेक जगन नाही. पण देऊन तं पाय.’ मी हो हो म्हणत गाडी पकडली होती. म्हणजे ज्या दिवशी मी ती सहा संत्री भिंतीवर ठेवली, त्याच दिवशी तुम्हाला कळलं होतं. सारा जन्म संत्र्यात गेलेला माणूस तुम्ही. पहिली फोड तोंडात टाकताच तुम्हाला कळलं की मी त्या गावाला कधी गेलेच नाही. आणि तुम्ही म्हणालात, ‘गोड हाय.’ काकाजी, जगातल्या प्रत्येक गोष्टीवर भरसभेत मला टोकणारे तुम्ही, माझं एवढं मोठं खोटं मात्र मुकाट खाल्लंत. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. एकदा ओरडला असतात तर मी दुसऱ्या दिवशी यष्टीत बसले असते.

कौसल्याबाईंना मी सगळं सांगितलं. खच्चरांची दावी, कांबळं, पाळी. त्यांनी निवडलेल्या शेंगा सुपात सारल्या. मग म्हणाल्या, “आमी त्याचं पित्तर नाही घातलं कधी. माय म्हणे, मेल्याचा कागद आला का? नाही ना? मंग कावून रडू? तिनं मरेपर्यंत त्याचं ताट पित्तरात मांडू नाही देलं. आता मीबी नाही मांडत.”

मला तुमचा आवाज ऐकल्यासारखं झालं. तिकडे पूर्णेकाठी एक माय आणि इकडे मोर्शीकडे तुम्ही, कधी भेट नाही, पत्र नाही, आणि एकच हुज्जत घालत बसला होतात.

मी निघाले तेव्हा त्यांनी मला परत बोलावलं. “थे कांबळ्याचं त्याईनं लई मनाले लावून घेतलं का?”

“साठ वर्षांच्या वर,” मी म्हटलं.

“काय बाप्पा तरी.” त्यांनी कपाळाला हात लावला. “नारायणले पांघरून लागतच नोतं. लहानपणी माय रोज गोधडी टाके अन् हा लाथेनं उडवून दे. थंडीतबी. थ्यानं मांगितलंच नसतं कांबळं. वर जाच्या टायमाले देलं असतं तरी म्हणला असता, राहू दे तुह्याजवळच.”

इतकंच वाक्य होतं, काकाजी. शेंगा निवडता निवडता सहज बोललेलं. तुम्हाला हवं होतं ते जगात एवढ्या एकाच ओट्यावर होतं, आणि तिथवर पोहोचायला एक तास लागत होता. मी तो तास भावाच्या घरी करंज्या तळण्यात घालवला. ते वाक्य मी आणलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत, माहीत नाही. बहुधा ‘बरं’ म्हणाला असतात. पण एका थंडीत तरी पेटीतली शाल काढून अंगावर घेतली असतीत. मला माफ करा. हे मी भिंतीवरून म्हणायला हवं होतं. आता भिंतीपलीकडे फक्त पन्हेरी आहे, तिला मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालते. तुमची रोपं मरायला लागली तर तुम्ही वरूनही मला टोकाल, याची खात्री आहे.

तर हा कागद. अनुक्रमांक एक. मी निरंक लिहिलेलं नाही. नाव, नारायण सखाराम. पत्ता तुमच्या घरचा लावला आहे, तुम्ही सांगितला होतात तसा. शेऱ्याच्या रकान्यात बराच विचार करून लिहिलं, ‘गैरहजर’. खाली सही केली.

काल रात्री इथवर लिहिलं, आज सकाळी कागद मुख्याध्यापकांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. “बाई, हे कोण?”

“हयात सैनिक, सर.”

“हयात कशावरून?”

“त्यांचा दाखला कोणी नेलेला नाही.”

ते काय म्हणाले ते जाऊ द्या. नोकरीचं एकच वर्ष उरलंय माझं, फार तर काय करतील? कचेरी कागद परत पाठवेल, मी पुन्हा तोच पाठवीन. हुज्जत कशी घालायची हे मी सव्वीस वर्षं भिंतीवरून शिकले आहे. पंधरा ऑगस्टला माईक माझ्याच हातात असणार, आणि या वेळी तो कोणी ओढणार नाही. मी नाव पुकारीन. थांबीन. मुलं हसली तर हसू देत. मग दुसऱ्यांदा पुकारीन.

कौसल्याबाईंना मी यष्टीचं तिकीट पाठवते आहे, खुर्चीत त्या बसतील. समितीने बजावून सांगितलंय की खुर्ची एक आणि शाल एकच मिळेल, दोनचा हट्ट यंदा चालणार नाही. मी म्हटलं, एकच पुरे. तुमची पाळी केव्हाच सरली, काकाजी. आता नारायणची आहे.